काट्यावरचे दोन किलो

क्षयाच्या गोळ्या सुरू करण्याआधी मी रुग्णाला वजनकाट्यावर उभं करतो. आकडा चाळिशीच्या आत दिसला की धास्ती वाटते. एका बाईंनी विचारलं होतं, "डॉक्टर, गोळ्या घेते हो, पण त्याआधी पोटात काय घालू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते झारखंडातून आलं. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या गटाने तिथल्या ४ जिल्ह्यांत २,८०० रुग्णांना औषधांसोबत दरमहा १० किलो शिधा दिला. तांदूळ, डाळ, तेल, दूधपावडर. साधारण निम्म्या रुग्णांच्या घरच्यांनाही माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या. कोणाच्या घरच्यांना द्यायचं, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलेलं.

२०२३मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. घरच्यांनाही शिधा पोचलेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी! अंगात दबा धरून बसलेला जंतू उपाशी शरीराला आवरत नाही, हे आम्ही शिकलो होतोच. डाळभात त्याला रोखतो, हे आता मोजून दिसलं. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. चाळीस किलोच्या माणसासाठी हे फक्त दोन किलो.

आता केसपेपरवर वजनाशेजारी मी लिहितो: घरात खाणारी माणसं किती, रेशनकार्ड चालू आहे का.