पिकअपचा टेम्परेचर सेन्सर

साखरप्याकडून आंबा घाट चढून शाहूवाडी तालुक्यात येणाऱ्या भरल्या पिकअपचा टेम्परेचरचा काटा या चढावरच वर सरकू लागतो. गिअर खालचा, इंजिनाचे फेरे जास्त, गाडीचा वेग कमी. रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही. काटा ज्याच्या भरवशावर हलतो तो सेन्सर बोटाच्या पेराएवढा असतो आणि बॉनेट उघडल्याबरोबर नजरेस पडत नाही.

तो शोधायला रेडिएटरच्या वरच्या जाड होज पाइपपासून सुरुवात करावी. हा पाइप इंजिनाला जिथे मिळतो, तिथेच बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट असतो. त्याच्या लगत किंवा सिलिंडर हेडमध्ये पितळी षटकोनी बूड आणि वर प्लास्टिकचा कपलर दिसला, की तोच सेन्सर. बऱ्याच जुन्या गाड्यांत असे दोन असतात: एका वायरचा काट्यासाठी, दोन वायरींचा ईसीएमसाठी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकासाठी. अशा गाडीत काटा नीट चालतो म्हणून दुसरा सेन्सरही ठीक असेल, असं धरून चालत नाही. इनटेक मॅनिफोल्डवरचा सेन्सर मात्र हवेचं तापमान मोजतो. कपलर सारखाच दिसत असल्याने पुष्कळदा भलताच सेन्सर काढला जातो.

आत थर्मिस्टर असतो. तापेल तसा त्याचा रोध घटतो. सर्रास आढळणाऱ्या एका प्रकारात २० अंशांना सुमारे २५०० ओहम, तर ८० अंशांना ३००च्या आसपास. ईसीएम ५ व्होल्ट सोडतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट पडतात त्यावरून तापमान ठरवतो. वायर तुटली तर ५ व्होल्ट तसेच राहतात आणि इंजिन गोठल्याचा हिशेब निघतो. स्कॅनरवर उणे ४० दिसलं, तर शाहूवाडीच्या कडक थंडीतही ते खरं असणं शक्य नाही. आधी वायर आणि कपलर बघावा. आंब्याकडच्या पावसात कपलरमध्ये पाणी शिरून पिना हिरव्या पडतात आणि निष्कारण नवा सेन्सर बसतो.

सेन्सर टोकाला लागलेल्या कूलंटचं तापमान सांगतो, इंजिनाच्या लोखंडाचं नव्हे. होज फुटून कूलंट वाहून गेलं, की टोक हवेत उघडं पडतं आणि काटा खाली येऊ शकतो. चालकाला वाटतं गाडी थंड झाली. तेवढ्यात हेडचं पॅकिंग जातं. चढावर वर गेलेला काटा एकाएकी पडला, तर गाडी तिथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावं.

सेन्सर बदलणं इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. रेडिएटरचं झाकण उघडताच दाब उतरतो आणि ते उसळून अंगावर येतं. जुन्या सेन्सरचा वॉशर पुन्हा वापरू नये. कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा काढून टाकावी, नाहीतर नव्या सेन्सरचं टोकही हवेतच राहतं.