तापलेल्या शहराला चुन्याचा हात

मे २०१०. अहमदाबादेत २१ तारखेला पारा ४६.८ अंश सेल्सियसवर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीच्या मे महिन्यापेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असे पुढे अभ्यासातून दिसून आले.

माती आणि झाडे पाण्याची वाफ सोडून हवा थंड ठेवतात. काँक्रीट आणि डांबर मात्र दिवसभर उष्णता साठवतात व रात्री ती बाहेर टाकतात. त्यामुळे शहरात सूर्य मावळला तरी उकाडा हटत नाही. दिवसभराच्या ताणातून सावरण्यासाठी शरीराला रात्रीचा गारवा लागतो. तो मिळाला नाही, तर हृदय आणि मूत्रपिंडांवरचा भार वाढत जातो. वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना धोका अधिक. त्यातही पत्र्याच्या एका खोलीत राहणाऱ्यांना घरात शिरूनही सुटका नसते.

अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा आणला. दक्षिण आशियातील हा पहिलाच. नागरिकांना आगाऊ इशारे, डॉक्टरांना प्रशिक्षण आणि पिण्याच्या पाण्याची सोय यांवर त्यात भर होता. २०१७ मध्ये त्याला छतांची जोड मिळाली. वस्त्यांमधील सुमारे ३,००० छतांवर चुन्याचा पांढरा हात मारण्यात आला. पांढरा पृष्ठभाग बराचसा सूर्यप्रकाश परतवतो, म्हणून छत कमी तापते आणि खोलीतील तापमान काही अंशांनी उतरते. ना वीज लागते, ना मोठा खर्च. तेलंगणानेही २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी धोरण जाहीर केले.

अर्थात, हा कायमचा इलाज नव्हे. धूळ बसली की परिणाम घटतो, पावसाने चुना धुपतो. हात पुन्हा मारावा लागतो. खेळती हवा आणि झाडांची सावली यांना पर्याय नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार २०५० पर्यंत जगातील ६८ टक्के लोक शहरांत राहत असतील. त्यांच्यासाठी लागणारी अनेक घरे अजून बांधायची आहेत. वातानुकूलन यंत्र खोली थंड करते, पण तिची उष्णता बाहेरच्या गल्लीतच सोडते. ज्याला ते परवडत नाही, त्याच्या वाट्याला हीच गरम हवा येते. म्हणूनच घराचे छत कसे असावे, हा प्रश्न केवळ बांधकामाचा नाही, आरोग्याचाही आहे.