ठिणगी आणि धुराडें



रेडिओवर गाणें ऐकत असतां रस्त्यानें एखादी मोटार-सायकल जाते आणि सुरांत अकस्मात् खरखर मिसळते, हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांना असेल. ती खरखर म्हणजे इंजिनांतील ठिणगीचा प्रताप होय. १८८७ च्या सुमारास हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें रेडिओच्या लहरी प्रथम निर्माण केल्या, त्या ठिणगीच्याच योगानें. तेव्हां प्रत्येक ठिणगी हें एक चिमुकलें प्रक्षेपण-केंद्रच समजावें. आतां ज्या खेळांतल्या विमानाचें सुकाणू जमिनीवरून रेडिओनें हलवावयाचें, त्याच्याच नाकांत पेट्रोलचें इंजिन बसवून सेकंदाला शंभर ठिणग्या पाडावयाच्या! हीं दोन बिऱ्हाडें एका घरांत कशीं नांदवावीं?

अमेरिकेंतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनीं १९३७ सालींच असें विमान उडवून दाखविलें. त्यांचें 'गफ' आज स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे.

ठिणगी केव्हां पडावी, हा पहिला प्रश्न. मिश्रण पेटल्यावर पुरा दाब निर्माण होण्यास किंचित् अवधि लागतो. म्हणून दट्ट्या माथ्यावर पोहोंचण्यास क्रँकचे सुमारें ३० अंश उरले असतांनाच ठिणगी पाडतात. मिनिटाला ६,००० फेरे होत असतां हे ३० अंश ओलांडण्यास सेकंदाचा १/१२०० भाग पुरतो. पण हातानें पंखा फिरवून इंजिन सुरू करतांना गति अगदीं मंद असते. तेव्हांही ठिणगी इतकीच आधीं पडली, तर दट्ट्या वर येण्यापूर्वींच दाब वाढून पंखा उलट झटका देतो, आणि त्यांत बोटें सांपडतात. यासाठीं हल्लींच्या विद्युत्-पेटींत गति ओळखून ठिणगी मागेंपुढें करण्याची योजना असते. पंख्यामागील चकतींतलें लहानसें लोहचुंबक संवेदकाजवळून गेलें कीं पेटीला क्रँकची जागा कळते, आणि कंडेन्सरमध्यें सांठविलेली वीज दाब वाढून प्लगकडे धांवते.

खरखरीवर उपाय असा : प्लगची तार धातूच्या जाळीनें मढवून ती जाळी इंजिनाच्या अंगाला घट्ट भिडवावी. रेडिओचा ग्राहक या सामानापासून निदान फूटभर दूर ठेवावा, दोघांच्या बॅटऱ्या वेगळ्या असाव्या, आणि कार्ब्युरेटरची झडप ओढणारी कांडी धातूची नसावी. हल्लींच्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचांना हा त्रास पुष्कळच कमी होतो. तथापि रेडिओचा पल्ला इंजिन बंद असतां एकदां व चालू असतां एकदां तपासावाच. दुसऱ्या वेळीं तो बराच कमी भरला, तर विमान घरीं परत न्यावें.

आतां धुराड्याकडे वळूं. साधा मफलर आवाज कमी करतो; पण दोन-टप्पी इंजिनाला जुळविलेली नळी जोडली तर ती शक्तीही वाढविते. धुराचा धक्का प्रथम रुंदावणाऱ्या भागांतून जातो, तेव्हां मागें ओढ निर्माण होऊन सिलिंडर स्वच्छ होतो. पुढें निमुळत्या भागावर आपटून तो परततो आणि बाहेर निसटूं पाहणारें ताजें मिश्रण आंत लोटतो. हें सर्व नेमक्या वेळीं घडावें म्हणून नळीची लांबी इंजिनाच्या गतीप्रमाणें ठरवावी लागते. जितकी गति अधिक तितकी नळी आंखूड. नळी विमानाच्या पोटांत असल्यास गार हवा आंत येण्यास वाट ठेवावी, आणि तापलेली हवा बाहेर जाण्याची वाट त्याहून मोठी ठेवावी; नाहीं तर लांकूड करपतें. जोड टेफ्लॉनचा घ्यावा, म्हणजे तो उष्णतेला टिकतो.

शेवटीं एकच सूचना. ठिणगी बंद करण्याची कळ जमिनीवरून चालेल अशी अवश्य असावी, आणि रेडिओचा संबंध तुटतांच ठिणगी आपोआप थांबेल अशी व्यवस्थाही असावी. बेलगाम पंखा खेळणें आणि शस्त्र यांत भेद करीत नाहीं. तो भेद आपल्यालाच करावा लागतो.