चाक जखडू न देणारा ब्रेक आणि आपले खडबडीत रस्ते

यंत्र हा मनुष्याचा आज्ञाधारक सेवक होय, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु सेवक कितीही तत्पर असला, तरी त्याला जेवढे कळते तेवढ्यावरूनच तो वागणार, हे धन्याने विसरून चालत नाही. आजच्या मोटारींत व मोटारसायकलींत ‘ए. बी. एस.’ नावाची जी ब्रेकची योजना असते, तिच्याविषयी तर हे विशेष खरे आहे. गुळगुळीत डांबरी सडकेवर चोख काम देणारी ही योजना उखडलेल्या रस्त्यावर मात्र कधी कधी क्षणभर हात सोडून देते. वाहन चालविणारा गोंधळतो, ब्रेक निकामी झाला असे समजतो, आणि नेमक्या त्या घटकेस काही तरी भलतेच करून बसतो. आमच्या लोधीखेड्यात आज अनेक घरांच्या दाराशी दुचाकी उभी असते. कामासाठी सौंसरला, पांढुर्ण्याला अथवा नागपूरला जाणे-येणे नित्याचे आहे. म्हणून या ब्रेकचे वर्तन असे का होते, हे विद्यार्थिमित्रांनी आणि त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे, या हेतूने आम्ही हा विषय येथे मांडीत आहोत.

प्रथम मूळ अडचण काय होती ते पाहू. धान्याने भरलेली जड पेटी जमिनीवरून सरकविताना पहिला रेटा फार जोराचा द्यावा लागतो. पेटी एकदा घसरू लागली की तेवढा जोर लागत नाही. याचा अर्थ असा की, दोन पृष्ठभाग एकमेकांवर घसरू लागले म्हणजे त्यांच्यामधील पकड कमी होते. फिरणाऱ्या चाकाचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो, तो त्या क्षणी रस्त्यावर जवळजवळ स्थिरच असतो; म्हणून त्याची पकड चांगली असते. याउलट ब्रेक एकदम जोराने दाबल्यामुळे चाक जखडले, तर ते रस्त्यावरून नुसते फरफटत जाते. मग पकड तर कमी होतेच, पण त्याहूनही मोठी आपत्ती म्हणजे सुकाणू निरुपयोगी ठरते. जखडलेले पुढचे चाक डावीकडे वळविले काय किंवा उजवीकडे वळविले काय, वाहन आपल्या वेगाच्या भरात सरळच जात राहते. दुचाकीचे पुढचे चाक जखडले, तर ती पाहता पाहता आडवी होते.

यावर उपाय शोधण्याचा प्रयत्न विमानविद्येत झाला. धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांसाठी डनलॉप या कंपनीने १९५० च्या सुमारास ‘मॅक्सारेट’ नावाची योजना तयार केली. १९५८ साली इंग्लंडमधील रस्ते संशोधन प्रयोगशाळेने हीच योजना रॉयल एनफील्डच्या एका मोटारसायकलीवर बसवून पाहिली. पुढे १९७८ साली जर्मनीत बॉश कंपनीची विद्युत्‌ यंत्रणेवर चालणारी योजना मर्सिडीज मोटारीत आली आणि तेथून तिचा प्रसार सुरू झाला. आपल्या देशात १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकींना ही योजना सक्तीची करण्यात आली. नव्याने बाजारात येणाऱ्या नमुन्यांना १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून तयार होत असलेल्या नमुन्यांना १ एप्रिल २०१९ पासून हा नियम लागू झाला.

हिची रचना समजण्यास कठीण नाही. चाकाबरोबर फिरणारे एक कडे असते. त्याला ठरावीक अंतरावर दाते किंवा फटी असतात. कड्याजवळच एक लहानसा सेन्सर बसविलेला असतो. दाते त्याच्यासमोरून किती वेगाने जातात, त्यावरून चाकाची गती क्षणोक्षणी एका लहान संगणकाला कळते. ब्रेक दाबल्यावर एखाद्या चाकाची गती वाहनाच्या गतीच्या मानाने अकस्मात फार उतरली, तर ‘हे चाक जखडण्याच्या बेतात आहे’ असा निष्कर्ष संगणक काढतो. तत्काळ एक झडप उघडून तो त्या चाकावरील ब्रेकच्या तेलाचा दाब उतरवितो. चाक पुन्हा फिरू लागले की दाब पुन्हा वाढवितो. एका सेकंदात हा क्रम अनेक वेळा होतो. ब्रेकच्या पेडलाला वा मुठीला त्या वेळी जी थरथर जाणवते, ती याचीच होय.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. या संगणकाला रस्ता दिसत नाही. त्याला कळते ती केवळ चाकाची गती. रस्त्याची अवस्था त्याला त्या गतीवरूनच ताडावी लागते. रस्ता सपाट असेल, तर हा तर्क बरोबर येतो. परंतु खड्ड्याच्या कडेवरून किंवा उंचवट्यावरून जाताना चाक उसळते. ते जमिनीपासून क्षणभर पूर्णपणे सुटते, निदान त्याच्यावरील भार तरी पुष्कळ कमी होतो. आता चाकाला फिरवीत ठेवणारी गोष्ट म्हणजे रस्त्याचे घर्षण. तेच नाहीसे झाल्यावर, जोराने दाबलेला ब्रेक त्या अधांतरी चाकाला सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आत थांबवू शकतो. संगणकाला वाटते, रस्ता निसरडा आहे आणि चाक जखडत आहे. तो आपल्या धर्माप्रमाणे दाब उतरवितो. इतक्यात चाक पुन्हा जमिनीला टेकते. या क्षणी रस्त्याची पकड भरपूर असते, पण ब्रेकचा दाब उतरलेला असतो! तो पुन्हा चढेपर्यंत वाहन जणू ब्रेकविना पुढे जाते. रस्त्यावर असे उंचवटे एकापाठोपाठ एक असले, तर हा प्रकार पुनःपुन्हा घडतो.

हा क्षण किती महागात पडतो, ते गणिताने पाहू. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. केवळ एक पंचमांश सेकंद ब्रेक लागला नाही, तर वाहन सव्वातीन मीटरांहून अधिक पुढे जाते. कोरड्या, चांगल्या सडकेवर या वेगात ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत सुमारे २० मीटर लागतात. त्यात ही भर पडते. रस्ता ओलांडणारे मूल आणि चाक यांच्यामध्ये सव्वातीन मीटरांचे अंतर म्हणजे सर्वस्वच नव्हे काय? हाच वेग अर्धा केला, तर थांबण्याचे अंतर निम्मे न होता चौथ्या हिश्शावर येते, म्हणजे २० मीटरांऐवजी सुमारे ५ मीटर. कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

हा दोष केवळ कल्पनेतला नाही. २००९ साली टोयोटा कंपनीची ‘प्रियस’ ही पेट्रोल व वीज या दोहोंवर चालणारी नवी मोटार बाजारात आली. खडबडीत किंवा निसरड्या रस्त्यावर हलका ब्रेक लावला असता तो क्षणभर सुटल्यासारखा वाटतो, अशा तक्रारी जपान व अमेरिका येथून आल्या. या मोटारीत साधा ब्रेक आणि वीज परत मिळविणारा ब्रेक असे दोन्ही एकत्र काम करीत. चाक घसरू लागताच ए. बी. एस. एका पद्धतीकडून दुसरीकडे वळे, आणि या बदलात पायाखालचा जोर तितकाच असूनही ब्रेक किंचित कमी लागे. पेडल अधिक दाबले म्हणजे मोटार थांबत असे. परंतु चालविणाऱ्याचा विश्वास ढळला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीने जगभरातील सुमारे ४ लाख ३७ हजार मोटारी परत बोलावून संगणकातील आज्ञावली सुधारून दिली. ध्यानात घेण्याजोगे हे की, येथे एकही खिळा वा पट्टी बदलली गेली नाही. यंत्राची केवळ समजूत बदलली गेली.

सुट्या गिट्टीच्या, मुरमाच्या अथवा पांदणीच्या वाटेची गोष्ट आणखी निराळी आहे. तेथे जखडलेले चाक पुढे खड्यांचा अथवा मातीचा लहानसा ढीग लोटीत जाते आणि त्या अडथळ्यानेच वाहन थांबण्यास साहाय्य होते. ए. बी. एस. चाकाला फिरते ठेवीत असल्यामुळे असा ढीग जमत नाही. परिणामी थांबण्याचे अंतर वाढते. म्हणूनच काही मोटारसायकलींत मागच्या चाकापुरती ही योजना बंद करण्याचे बटन दिलेले असते. तसेच काही नव्या यंत्रणा चाकाच्या गतीतील सततच्या हिसक्यांवरून रस्ता खडबडीत असल्याचे ओळखतात व दाब उतरविण्याची घाई करीत नाहीत. तथापि सर्वच वाहनांत ही सोय असते असे नाही.

मग ही योजना नकोच, असे कोणी म्हणेल तर ते योग्य होणार नाही. पावसाने ओल्या झालेल्या सडकेवर, किंवा छिंदवाड्याहून सिल्लेवानी घाट उतरताना वळणावर अकस्मात गुरे आडवी आली असता, ब्रेक दाबूनही वाहन वळविता येणे, हा तिचा उपकार फार मोठा आहे. मात्र तिने दिलेले अभयदान वळण्याचे आहे. प्रत्येक रस्त्यावर कमी अंतरात थांबविण्याचे नव्हे. हा भेद ज्याला कळला, त्याला तिचे वर्तन लहरी वाटणार नाही.

व्यवहारात यावरून काही गोष्टी निघतात. गतिरोधक किंवा खड्डा दिसताच सपाट भागावरच ब्रेक लावून वेग उतरवावा. प्रत्यक्ष उंचवट्यावरून जाताना ब्रेक जोराने दाबलेला नसावा. संकटसमयी मुठीत वा पायाखाली थरथर जाणवली, तर भिऊन ब्रेक सोडू नये व पुनःपुन्हा दाबूही नये. तो घट्ट धरून ठेवावा. शॉक अब्सॉर्बर झिजले असतील, तर चाक अधिक उसळते. म्हणून त्यांची दुरुस्ती ही ब्रेकचीच दुरुस्ती समजावी. टायरांतील हवा योग्य असावी. पावसाळ्यात सेन्सर व दातेरी कडे यांवर साचलेला चिखल धुवून काढावा. वाहन चालू लागल्यानंतरही ए. बी. एस.चा दिवा विझत नसेल, तर कारागिराला दाखविण्यात दिरंगाई करू नये. काही दुचाकींत ही योजना फक्त पुढच्या चाकाला असते. आपल्या दुचाकीची स्थिती काय, हे घरातील प्रत्येक चालविणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण आज वडिलांच्या किंवा काकांच्या मागे बसून प्रवास करतात. उद्या तुमच्याच मागे तुमचे धाकटे भावंड बसेल. चाकाजवळचा तो चिमुकला सेन्सर दाते मोजण्यात कधी आळस करीत नाही, पण पुढचा खड्डा पाहण्याचे काम त्याच्या हाती नाही. ते डोळे तुमचे आहेत. यंत्राला जे दिसत नाही ते आपण पाहावे आणि त्याप्रमाणे आधीच वेग आवरावा, म्हणजे मागे बसलेला जीव सुखरूप घरी पोहोचेल.