स्वस्त फोनची न संपणारी रांग

वीस हजारांचा मोबाइल फोन एक हजार रुपयांत देतो, असे एखाद्या दुकानदाराने म्हटले तर ग्राहक प्रथम त्या फोनकडे संशयाने पाहतो. माल चोरीचा असावा, बनावट असावा, निदान आतून बिघडलेला तरी असावा, अशी शंका त्याच्या मनात येते आणि ती रास्तच असते. परंतु हाच प्रस्ताव शाळेतील सहकाऱ्याकडून, कचेरीतील शेजारच्या टेबलावरून किंवा वसतिगृहातील मित्राकडून व्हॉट्सॲपवर आला, की शंकेची जागा कुतूहल घेते. फोनची परीक्षा बाजूला राहते आणि परीक्षा होते ती ओळखीची. आज नाना नावांनी फिरणाऱ्या साखळी योजनांचे सारे बळ या बदलात आहे.

योजनेची मांडणी वरकरणी साधी असते. इच्छुकाने एक हजार रुपये भरून एखादे ‘ई-पुस्तक’ किंवा संगणक-शिक्षणाचा एखादा ‘कोर्स’ विकत घ्यायचा. त्या खरेदीबरोबर त्याचे नाव एका प्रतीक्षायादीत चढते. त्याच्या मागून ठरावीक संख्येने नवे खरेदीदार आले, की यादीतील सर्वांत वरच्या सभासदाला फोन मिळतो, त्याचे नाव गळते आणि बाकीचे एकेक पायरी वर सरकतात. इंग्रजीत या प्रकाराला ‘मॅट्रिक्स’ म्हणतात. २००२ च्या सुमारास अमेरिकेत इंटरनेटवर त्याचा उगम झाला आणि लवकरच तो ब्रिटनमध्ये पसरला. तेथील तत्कालीन ‘ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग’ या सरकारी यंत्रणेने जुलै २००५ मध्ये अशा दोन संकेतस्थळांचा व्यवहार बेकायदा लॉटरीच्या सदरात मोडतो, असे ठरवले. त्या काळी आमिष होते ते आयपॉडचे आणि मोबाइलचे. आता त्यांची जागा महागडे फोन, लॅपटॉप, मनगटी घड्याळे आणि इअरफोन यांनी घेतली आहे. पैसे यूपीआयने क्षणार्धात जातात. यादी ॲपवर दिसते आणि आपला क्रमांक किती वर सरकला हे सभासद रोज सकाळी पाहू शकतो. साधने बदलली असली तरी हिशेब होता तोच आहे.

हा हिशेब चटकन ध्यानात येत नाही, याला एक कारण आहे. रांग आणि भिशी या दोन गोष्टी मराठी मध्यमवर्गाच्या अंगवळणी पडलेल्या आहेत आणि दोन्हींविषयी त्याचा अनुभव वाईट नाही. गॅस, रेशन, दूरध्वनी, स्कूटर यांसाठी एका पिढीने वर्षानुवर्षे नंबर लावले आणि उशिरा का होईना, नंबर लागला. भिशीत तर प्रत्येकाचा नंबर लागतोच. वीस जणींनी दरमहा एक हजार रुपये भरले, तर वीस महिन्यांत प्रत्येकीला एकदा वीस हजार मिळतात. कोणाला आधी, कोणाला नंतर, एवढाच फरक. भरलेली रक्कम आणि मिळालेली रक्कम यांचा मेळ पैशापर्यंत बसतो. का बसतो? कारण भिशीतील माणसांची संख्या बांधलेली असते. एकविसावी बाई आली नाही म्हणून विसाव्या बाईचे काही अडत नाही. रेशनच्या रांगेतही माल गोदामातून, म्हणजे पुढून येतो. मागे उभे राहणाऱ्याशी त्याचा संबंध नसतो. स्वस्त फोनच्या रांगेत मात्र माल मागून येतो. पुढच्याच्या फोनची किंमत मागच्यांच्या खिशातून वसूल होते आणि त्या मागच्यांचे समाधान त्यांच्याही मागच्यांवर सोपवलेले असते. या रांगेला भिशीचे रूप आहे. भिशीचा हिशेब तिच्यात नाही.

सोयीसाठी असे धरू की प्रवेशाची रक्कम एक हजार, फोनची किंमत वीस हजार आणि दर पंचवीस सभासदांमागे एक फोन, असा नियम आहे. संयोजक सर्वस्वी प्रामाणिक आहे, त्याने एकही फोन बुडवला नाही, असेही मान्य करू. एक लाख सभासद झाले तेव्हा दहा कोटी रुपये गोळा झाले. त्यांतून आठ कोटींचे चार हजार फोन वाटले गेले आणि दोन कोटी संयोजकापाशी उरले. चार हजारांना प्रत्येकी एकोणीस हजारांचा लाभ झाला, तर शहाण्णव हजारांच्या हाती ई-पुस्तकाखेरीज काही नाही. सभासद दहा लाख झाले तरी फोनवाल्यांचे प्रमाण शेकडा चारच राहते आणि ताटकळणाऱ्यांचे शेकडा शहाण्णव. योजना वाढली म्हणून हे प्रमाण तसूभरही सुधारत नाही. वाढते ती केवळ ताटकळणाऱ्यांची गर्दी.

आता एक लाखावा सभासद घ्या. त्याचा नंबर लागण्यासाठी एकूण पंचवीस लाख सभासद हवेत. त्या पंचवीस लाखाव्याला फोन मिळायचा तर सव्वासहा कोटी हवेत. आणि त्या सव्वासहा कोटीव्या माणसासाठी? एकशे छप्पन्न कोटी पंचवीस लाख, म्हणजे तान्ह्या मुलांसकट साऱ्या भारताच्या लोकसंख्येहून अधिक. ‘तीन मित्र आणा, त्यांनी प्रत्येकी तीन आणावेत’ अशा धर्तीच्या योजनांत हा कडेलोट आणखी लवकर होतो. एकोणिसाव्या पायरीवर एकट्या त्या पायरीसाठीच एकशे सोळा कोटींहून अधिक नवी माणसे लागतात. देवदेवतांच्या नावाने येणारी ‘अकरा जणांना लिहा’ अशी पोस्टकार्डे ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांना हे गणित नवे वाटू नये. त्या पत्रांत निदान पंधरा पैशांपलीकडे खर्च नव्हता.

येथे योजनेचे समर्थक एक पुरावा पुढे करतात आणि तो बहुधा खराच असतो. अमक्या तालुक्यातील अमक्याला फोन मिळाला; हा त्याचा फोटो, हे खोके, हे बिल. अशा वेळी फोटो खोटा ठरवण्याच्या खटपटीत पडणाऱ्याची हार होण्याचाच संभव अधिक. वरच्या हिशेबानुसार पहिल्या काही जणांना फोन मिळणे हा अपघात नव्हे, तो योजनेचा जाहिरातखर्च होय. १९२० मध्ये बॉस्टन शहरात चार्ल्स पाँझी याने पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के लाभाचे आश्वासन दिले, तेव्हा आरंभीच्या लोकांना त्याने ठरल्याप्रमाणे पैसे चुकते केले होते. त्यांनी ते गावभर सांगितले आणि मागून येणाऱ्यांची रीघ लागली. तो मोबदला कोणत्याही उद्योगातून आलेला नव्हता. तो नंतरच्यांच्या ठेवींतून दिला गेला होता. ‘मिळाला का?’ या प्रश्नाने म्हणूनच काही निष्पन्न होत नाही. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे: जो मिळाला, त्याचे पैसे कोणी दिले?

ई-पुस्तकाचे प्रयोजनही याच संदर्भात समजून घेतले पाहिजे. विकण्याजोगा काही तरी माल दाखवला, की योजनेला व्यापाराचा मुखवटा मिळतो. सिंगापूरची म्हणवणाऱ्या ‘स्पीक एशिया’ या कंपनीचे उदाहरण महाराष्ट्राला आठवत असेल. सुमारे अकरा हजार रुपये भरून एका ई-नियतकालिकाचे वर्गणीदार व्हायचे, घरबसल्या प्रश्नावल्या भरायच्या आणि त्याबद्दल पैसे मिळवायचे, असे तिचे स्वरूप होते; नवे सभासद आणल्यास वेगळा मोबदला. २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तिच्यावर गुन्हा नोंदवला, तोवर देशभरातील लाखो लोक तिच्यात गुंतले होते. त्या नियतकालिकाची गोडी लागून वर्गणी भरणारा वाचक त्यांत किती असेल, हे सांगावयास नको. मुखवटा ओळखण्याची कसोटी सोपी आहे. फोनचे आमिष काढून घेतले तर हे पुस्तक या किमतीला कोणी घेईल काय? उत्तर नकारार्थी असेल तर विकले जात आहे ते पुस्तक नव्हे, रांगेतील जागा.

भारतीय कायद्यानेही बोट नेमके येथेच ठेवले आहे. १९७८ चा ‘प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स बंदी कायदा’ झाला तेव्हा इंटरनेट नव्हते, तरी त्यातील व्याख्या आजच्या योजनांना चपखल बसते. नव्या सभासदांच्या नोंदणीशी निगडित अशा घटनेवर मोबदला अवलंबून ठेवून पैसे वा मौल्यवान वस्तू स्वीकारणे, हा तिचा गाभा. कलकत्त्याच्या ‘संचयिता’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये या व्याख्येची चिकित्सा केली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या निकालाचा आशय असा की, झटपट पैशाचे आमिष एवढ्याने हा गुन्हा सिद्ध होत नाही. तो लाभ सभासद-नोंदणीवर अवलंबून असला पाहिजे. हा दुवा दिसत नसल्याने तेथील फिर्याद रद्द झाली. उलट केरळमधील एका योजनेत सहाशे पंचवीस रुपयांच्या एका युनिटमागे दुप्पट रक्कम प्रतीक्षायादीच्या क्रमाने, म्हणजे मागून येणाऱ्यांच्या पैशांतून मिळावयाची होती. तो दुवा तेथे ढळढळीत होता आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी कारवाईत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्या प्रकरणातील रुपयांच्या जागी फोन ठेवला, की स्वस्त फोनची योजना तयार होते. पुढे २०२१ च्या अखेरीस ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे नियम लागू झाले. पिरॅमिड योजनांना त्यांनी मज्जाव केलाच, शिवाय ‘पुढचे ग्राहक आणून दिल्यास तुमची किंमत वसूल होईल’ असे सांगून खरेदीस प्रवृत्त करणेही थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांना मना केले.

१९७८ च्या कायद्यातील एक तरतूद मात्र सुशिक्षितांच्याही सहसा वाचनात येत नाही. त्याच्या तिसऱ्या कलमाने केवळ योजना चालवण्यास बंदी केलेली नाही. तिचे सभासद होणे, तिच्यात अन्य प्रकारे भाग घेणे आणि तिच्यापोटी पैसे देणे-घेणे, यांसही बंदी केली आहे. चौथ्या कलमाने तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. चाळीस विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर योजनेचा दुवा टाकणारा शिक्षक स्वतःला फार तर भाबडा ग्राहक समजत असतो. कायद्याच्या नजरेत त्याचे स्थान त्याहून बरेच अवघड आहे.

प्रत्येक स्वस्त वस्तू म्हणजे फसवणूक, असा याचा अर्थ अर्थातच नव्हे. सणासुदीच्या सवलती, जुन्या मॉडेलची विक्री, बँकेच्या कार्डावरील सूट, जुना फोन देऊन नवा घेणे, दुरुस्त करून पुन्हा विक्रीस काढलेले फोन, या सर्वांत स्वस्ताईचे कारण दाखवता येते आणि तिचा भार कोणीतरी उघडपणे सोसत असतो. ती सवलतही बहुधा शेकडा दहा, वीस, क्वचित चाळीस असते; शेकडा पंचाण्णव कधी नसते. फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडातील एका कंपनीने दोनशे एक्कावन्न रुपयांत स्मार्टफोन देऊ केला, तेव्हा देशभर नोंदणीसाठी झुंबड उडाली. नमुन्यादाखल दिलेल्या फोनवरील दुसऱ्याच कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले आढळले, तरी ती ओसरायला वेळ लागला. पुढल्या वर्षी कंपनीच्या संचालकाला फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. तो प्रकार साखळीचा नव्हता. पण फोन म्हटला की हिशेब विसरणारा ग्राहक किती मोठ्या संख्येने आहे, ते त्याने दाखवून दिले. शिक्षण, नोकरीचे अर्ज, परीक्षांचे निकाल सारे काही फोनवर येऊन ठेपल्यावर तो चैनीची वस्तू राहिलेला नाही. गरजेच्या वस्तूबाबत माणूस आशेवर अधिक काळ जगतो.

‘हजारच तर रुपये आहेत, गेले तर गेले,’ असे विद्यार्थी म्हणतात. रक्कम लहान ठेवण्यातील खुबी नेमकी हीच. हजार रुपयांसाठी पोलीस ठाण्याची पायरी कोणी चढत नाही, वकील करणे तर दूरच. शहाण्णव हजार लोक प्रत्येकी हजार रुपये गमावून गप्प बसतात, तेव्हा साडेनऊ कोटींहून अधिक रक्कम बिनतक्रार हस्तांतरित होते. शिवाय ज्याने दोघा-तिघांना ओढले आहे, तो तक्रार करूच शकत नाही. त्याला आधी त्या दोघा-तिघांना तोंड द्यावे लागते. म्हणून तो आशेवर राहतो, आणखी चार जण आणू पाहतो आणि आपले हजार वाचवण्याच्या धडपडीत दुसऱ्यांचे चार हजार घालवतो. शिक्षकखोलीतील, कचेरीतील, वसतिगृहातील विश्वास वर्षांच्या सहवासाने जमा झालेला असतो. योजनेचे खरे भांडवल तो असतो आणि संयोजकाला तो फुकट मिळतो.

पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब कळवणे श्रेयस्कर, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी ती गोठवता आली तरच हाती लागण्याची शक्यता असते. ग्राहक म्हणून गाऱ्हाणे मांडण्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक आहे. व्यवहाराची पावती, यूपीआयचा संदर्भ क्रमांक, ग्रुपवरील संदेश आणि ॲपवरील यादी यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. योजना बंद पडते तेव्हा ग्रुप आणि ॲप बहुधा एकदमच नाहीसे होतात. संयोजकाकडची सभासद-यादी मात्र चौकशीत पोलिसांच्या हाती पडू शकते आणि साखळी योजनेच्या यादीत प्रत्येक सभासदासमोर त्याला कोणी आणले, त्याचेही नाव लिहिलेले असते.