गळ गोव्यात, दोर कुठं?

'नौदलाच्या संग्रहालयावर लिहा,' असं संपादक फोनवर म्हणाले, तेव्हा मी हसलोच. यवतमाळकराला पाणी म्हणजे पैनगंगा, वर्धा आणि मृगाची वाट. पण ते म्हणाले, ज्याला समुद्राची सवय नाही त्यालाच तिथं काही दिसेल. मावसभावाला घेतलं आणि गोवा गाठला.

वास्कोजवळ, दाबोळी विमानतळाच्या कुशीत, बोगमाळ्याच्या रस्त्यावर नौदलाचं हवाई संग्रहालय आहे. ते 1998 साली उघडलं. आत विमानवाहू नौकांच्या प्रतिकृती, पॅराशूट, टॉर्पेडो. बाहेर अंगणात विमानं. गर्दी असते ती चार पंख्यांच्या सुपर कॉन्स्टेलेशनपाशी. एअर इंडियात असताना त्याचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा', म्हणजे आपल्या वेरूळची राणी. पुढं ती हवाई दलात गेली, 1976 साली नौदलात आली आणि समुद्रावर पहारा देऊ लागली.

मी मात्र रेंगाळलो सी हॉक या जेट विमानाच्या शेपटीखाली. तिथं एक दांडा आहे, त्याच्या टोकाला आकडा. मावसभाऊ वाकून म्हणाला, "दादा, हा तं विहिरीतली बादली काढाचा गळ हाय!"

तो चुकला नव्हता. सी हॉक उतरायचं ते विक्रांत या विमानवाहू नौकेच्या पाठीवर. सगळी नौका 213 मीटरची. उतरायला मिळे त्यातला तुकडा, तोही लाटांवर डुलणारा. विमान येई ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. ब्रेकचं तिथं काम नाही. डेकवर पोलादी दोर आडवे ताणलेले. त्यातला एक या गळात अडकायचा आणि डेकखालची यंत्रणा त्याला ढील देत देत विमानाचा वेग पिऊन टाकायची. मला खिळवलं ते पुढच्या गोष्टीनं: चाकं टेकली की वैमानिक इंजिनाचा जोर वाढवतो. गळ हुकला तर तसंच उडून जाता यावं म्हणून! 18 मे 1961 रोजी लेफ्टनंट ताहिलियानींनी विक्रांतवर पहिलं जेट उतरवलं, ते याच भरवशावर. पुढं ते नौदलप्रमुख झाले.

उडवायला होती वाफेची गोफण. जोंधळ्याच्या मळ्यातली गोफण दगड भिरकावते, तशी ही अख्खं विमान भिरकावायची. 1971 च्या युद्धाच्या वेळी विक्रांतच्या चार बॉयलरांपैकी एकाला तडा गेलेला. वाफ कमी, म्हणून वेग कमी. आणि नौकेचा वेग मंदावला की विमानाला पंखाखाली हवा कमी मिळते. तरी त्या डिसेंबरात तीन बॉयलरांवर निघून तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाववर हल्ले केले.

"मंग दोर कुठी हाय?" मावसभावानं विचारलं.

इथं माझा उत्साह मावळला. विक्रांत 31 जानेवारी 1997 रोजी निवृत्त झाली. मुंबईत तिचंच संग्रहालय झालं; शाळेच्या सहली डेकवरून फिरल्या. पण जहाज म्हणजे किल्ला नव्हे. खाऱ्या पाण्यात त्याची कातडी रोज झिजते आणि झीज दिसते ती पाण्याखाली. गोदीत उचलून पत्रे बदलायला कोट्यवधी लागतात. कायमची सोय करण्याच्या योजना झाल्या, पैसा उभा राहिला नाही. 2012 साली धोक्याचं म्हणून ते बंद झालं. 2014 साली सुमारे साठ कोटींना नौकेची विक्री झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि नोव्हेंबरात मुंबईच्याच दारूखान्यात तोडकाम सुरू झालं. पुढं विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेचं संग्रहालय करायला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं 2018 साली 852 कोटींचा प्रस्ताव मंजूर केला. 2020 साली तीही अलंगच्या भंगारात गेली. दोन नौका गेल्या, दोन्ही वेळा भाषणं उत्तम झाली.

विशाखापट्टणमनं मात्र कुरसुरा पाणबुडी वाळूवर ओढून घेतली, 2002 पासून लोक तिच्या पोटात शिरून येतात. जमिनीवरची वस्तू टिकवणं त्यातल्या त्यात सोपं. पण या अंगणातही छप्पर आकाशाचंच, वारं खारं आणि पावसाळा चार महिन्यांचा. गळाच्या सांध्यावर बोट फिरवायचा मोह मी आवरला. रंगाखाली काय असेल, ते जाणून घ्यायची हिंमत नव्हती.

विक्रांतच्या भंगारातलं थोडं पोलाद एका जातीच्या मोटरसायकलींच्या टाक्यांसाठी वापरलं गेलं. त्यातली एक गाडी मावसभावाकडे आहे. आम्ही दत्त चौकात तिच्यावरूनच चहाला जातो.

"दोराचं ठाऊक नाही," मी म्हणालो, "पण जहाज तुझ्या दाराशी उभं आहे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाहीर पावसात नाई ठेवत आता."