पोच आणि निकाल

डहाणू व तलासरी तालुक्यांतील धुंदलवाडी आणि भोवतालच्या पाड्यांना नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांनी जी धास्ती लावली आणि जिच्यामुळे पुढे कित्येक कुटुंबांना थंडीच्या रात्री घराबाहेर तंबूंत काढाव्या लागल्या, तिचे विस्मरण त्या मुलखाला झालेले नाही. धक्क्याची तीव्रता व केंद्रबिंदू आता राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या ‘भूकंप’ या ॲपवर पाहता येतात. ज्या ॲपवर भयभीत माणूस विसंबतो, त्याची प्रत्येक नवी आवृत्ती बिनचूक तयार होणे हा केवळ तंत्रज्ञांपुरता प्रश्न राहत नाही.

प्रोग्रामर जी संहिता लिहितो, ती जशीच्या तशी वापरणाऱ्याच्या हाती जात नाही. तिचे यंत्रास उमजेल असे रूपांतर, तिची परीक्षा आणि तिचे बांधीव पुडके, या साऱ्या प्रक्रियेस ‘बिल्ड’ म्हणतात. ही प्रक्रिया बिनबोभाट पार पाडणारे जेंकिन्स हे सॉफ्टवेअर कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना २००४ साली हडसन या नावाने आरंभिले. सन विकत घेतलेल्या ओरॅकल कंपनीशी उद्भवलेल्या वादानंतर २०११ साली त्यास आजचे नाव लाभले. अलीकडे त्याच्या जोडीस एनएटएनसारखी वर्कफ्लो साधने आली आहेत. परीक्षकाने नोंदवहीत एखादी दुरुस्ती मंजूर केली, की असे साधन त्याच क्षणी जेंकिन्सकडे हुकूम धाडते, आणि कोणती शाखा, कोणती आवृत्ती हा तपशीलही सोबत जोडते. हुकमाबरोबर पासवर्ड नव्हे, तर टोकन द्यावे, आणि ते अशा स्वतंत्र खात्याचे असावे की ज्यास त्या एकाच कामाचा अखत्यार आहे.

खरी मेख यापुढे आहे. हुकूम पोहोचताच जेंकिन्स २०१ हा पोचीचा आकडा आणि रांगेतील जागेचा पत्ता परत पाठवते. काम मात्र त्या वेळी सुरूही झालेले नसते. ते प्रथम रांगेत थांबते, आणि सारखेच दोन हुकूम रांगेत असतील तर जेंकिन्स त्यांचे एकच काम करते. पुष्कळ ठिकाणी वर्कफ्लो त्या २०१ वरच समाधान मानून ‘बिल्ड झाले’ असा निरोप सर्वांना देऊन मोकळा होतो, आणि हा मला या व्यवस्थेतील सर्वांत घातक प्रमाद वाटतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा दाखल केलेल्या तलासरीच्या वारली शेतकऱ्यास पोच आणि पट्टा यांतील अंतर कोणी समजावून द्यावे लागत नाही. वर्कफ्लोला ते लिहूनच द्यावे लागते. त्याने रांगेच्या पत्त्यावरून बिल्डचा क्रमांक मिळवावा, ठरावीक अंतराने चौकशी करावी, यशस्वी, सदोष, अयशस्वी किंवा रद्द असा निकाल हाती येईतो थांबावे, आणि मुदत टळल्यास जबाबदार माणसास कळवावे.

जेंकिन्स विनामूल्य आहे व साध्या संगणकावरही चालते. डहाणू-तलासरीच्या ज्या विद्यार्थ्यांस ही विद्या हस्तगत करावयाची असेल, त्यांनी पहिले काम मुद्दाम फसणारे रचावे, आणि त्या फसण्याची वर्दी आपल्यापर्यंत येते की नाही, हे आधी पाहावे.